साडेतीन लाखाचं घड्याळ घ्यावं का? मनापासून सांगा

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात घराचा शेवटचा हप्ता गेला. एकोणीस वर्षं दर पाच तारखेला जायचा तो. मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, वय ४९, नवऱ्याची नोकरी चालू आहे, लेक इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिच्या फीचे पैसे वेगळे काढलेत, आजारपणासाठीचे वेगळे आहेत. हे आधीच सांगते कारण पहिला प्रश्न तोच येणार. हे सगळं बाजूला ठेवून माझ्याकडे साडेतीन लाख रुपये आहेत, माझे स्वतःचे, आणि मला त्यातून एक चांगलं स्विस ऑटोमॅटिक घड्याळ, म्हणजे हात हलला की आपोआप चावी बसणारं, घ्यायचंय. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मग सगळी चर्चा त्या ब्रँडवरच जाते.

हे खूळ आजचं नाही. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. त्यांच्याकडे एचएमटी जनता होतं, चावीचं, पांढऱ्या तबकडीचं. रोज आंघोळ झाली की अंग पुसून आधी घड्याळाला चावी द्यायचे, अंगठा आणि तर्जनीत धरून, अगदी हळू, करकर करकर आवाज यायचा आणि चावी जड लागायला लागली की थांबायचे, एक फेरा जास्त नाही. मग रेडिओवर बातम्यांच्या आधी पिप पिप वाजायचं तेव्हा काट्याकडे बघायचे, मागेपुढे असेल तर मिळवून घ्यायचे. स्टँडवर भिंतीवर घड्याळ होतं तरी ड्रायव्हर लोक बाबांच्या मनगटाकडे बघून गाडी काढायचे. वेळेच्या आधी एक मिनिटही गाडी सोडू द्यायचे नाहीत, म्हणायचे, उशीर झाला तर लोक बोलतात तेवढंच, पण लवकर सुटली तर कुणीतरी मागे राहतो.

बाबा गेले तेव्हा ते घड्याळ भावाकडे गेलं आणि आईने तिच्या पाटल्या मला दिल्या. कुणाचं काही चुकलं असं नाही, आमच्याकडे असंच असतं. पाटल्या लॉकरमध्ये आहेत, वर्षात एकदा-दोनदा निघतात. मला खरं तर घड्याळ हवं होतं पण तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही.

नवरा म्हणतो घे. आई म्हणते एवढ्यात दागिना होईल, अडीनडीला उपयोगी पडेल. ऑफिसात एकाने विचारलं, मिस्टरांसाठी बघताय का. आणि रात्री मीच विचार करत बसते की वेळ तर फोनवर दिसते, दोन हजाराचं घड्याळ याच्याहून बरोबर चालतं, मग मी नक्की कशाचे पैसे देणार आहे? हे मला कुणीतरी नीट समजावून सांगा. नुसतं घ्या किंवा घेऊ नका असं नको, का ते लिहा.

पाटाचं पाणी

कर्ज फिटल्याबद्दल आधी अभिनंदन! माझं मत, घ्या. एकोणीस वर्षं बँकेला दिलेत, एकदा स्वतःला द्या.

हिशेबनीस

ताई, अभिनंदन, कर्ज फिटणं ही फार मोठी गोष्ट आहे, आमचं अजून नऊ वर्षं आहे.

मी आकड्यांत बोलतो कारण तुम्हीही आकड्यांतल्याच आहात. साडेतीन लाख ७ टक्क्यांनी वीस वर्षं पडून राहिले तर साधारण साडेतेरा लाख होतात. म्हणजे तुम्ही ६९ च्या व्हाल तेव्हा हातात जी रक्कम असली असती ती या घड्याळाची खरी किंमत. त्यावर दर पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंग, माझ्या साहेबांनी मागच्या वर्षी कंपनीच्या सेंटरला करून घेतलं, ४० हजाराच्या आसपास गेले. आणि शोरूमच्या दारातून बाहेर पडलं की बहुतेक घड्याळांची किंमत उतरते, उद्या अडचणीत विकायला काढलंत तर दिलेले पैसे परत येत नाहीत. सोनं निदान सराफाकडे त्या दिवशीच्या भावाने जातं, घट-मजुरी जाते तेवढीच.

दुसरं, घाई नसेल तर थांबायलाही हरकत नाही. स्वित्झर्लंड आणि आणखी तीन देशांशी झालेला आपला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवर २० टक्के सीमाशुल्क होतं ते टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे. फ्रँक महाग झाला तर तो फायदा तिकडे जाईल हेही लक्षात ठेवा. आणि १० लाखांच्या वरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस, म्हणजे दुकानदाराने बिलातच वसूल करायचा आयकर, लागतो, तुमच्या बजेटला तो प्रश्न नाही.

मी असतो तर घेतलं नसतं. पण पैसे तुमचे आहेत आणि बाकी सगळी सोय तुम्ही केलेली आहे, हे मी बघितलं, त्यामुळे हट्टाने नको म्हणणार नाही.

कुरणातली शाळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. माझ्या हातात कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू आहे, हे मॉडेल १९८९ पासून आहे तसंच बाजारात आहे. महिन्याला जास्तीत जास्त ३० सेकंद इकडेतिकडे, सेल सात-सात वर्षं टिकतो, पावसात भिजतं, मुलं हात ओढतात, शाळेच्या अंगणात मी त्यांच्याबरोबर कबड्डी खेळतो तेव्हा काढावंही लागत नाही. हरवलं तर वाईट वाटेल पण झोप उडणार नाही.

ताई, तुम्ही घ्या किंवा न घ्या, तो तुमचा हक्क आहे. पण मला मनापासून असं वाटतं की ज्या वस्तूची काळजी आपल्याला करावी लागते ती वस्तू आपलं आयुष्य थोडं आवळते. बसमध्ये बाही खाली ओढायची, हात धुताना काढून कुठे ठेवलं ते आठवायचं, लग्नकार्यात गर्दीत हात खिशात. हे रोजचं ओझं किमतीत धरा. तेवढंच म्हणणं आहे.

मोगरा

रानजाई, "मिस्टरांसाठी का" हे वाचून आत काहीतरी हललं. मला पण दुकानात हेच विचारतात.

यावर एक सांगते, मनगटी घड्याळ मुळात बायकांचं होतं! पाटेक फिलिप या स्विस कंपनीने १८६८ मध्ये हंगेरीच्या एका काउंटेससाठी मनगटावर बांधायचं घड्याळ केलं होतं. पुरुष तेव्हा साखळीचं घड्याळ खिशात ठेवायचे आणि मनगटावरचं म्हणजे बायकी दागिना समजायचे. पहिल्या महायुद्धात खंदकात एका हातात बंदूक धरून खिशातून घड्याळ काढणं जमेना तेव्हा सैनिक मनगटावर बांधायला लागले आणि मग ते पुरुषांचं झालं. आणि आज आपल्याला "लेडीज" म्हणून काय दाखवतात तर खडे लावलेली पंचवीस मिलिमीटरची तबकडी आणि आत सेलचं मशीन. तुम्हाला चाकं फिरणारं हवंय तर तेच मागा.

एक प्रॅक्टिकल. मिलिमीटरचा आकडा बघून ठरवू नका. तबकडीच्या वर-खाली पट्टा अडकवायची जी शिंगं असतात ना, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते अंतर मोजा. ते मनगटाच्या बाहेर गेलं की घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं. माझं मनगट सहा इंच आहे, मला ३६ च्या पुढे काही शोभत नाही.

सह्यकडा

भावाकडे मागून बघा ना बाबांचं घड्याळ. तो कदाचित आनंदाने देईल, सर्व्हिसिंग करून घ्या, साडेतीन लाख वाचले.

रानजाई

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून लिहाल असं वाटलं नव्हतं.

@सह्यकडा, तुमचा हेतू कळतो पण नाही. भाऊ ते रोज घालतो. तो पण सकाळी तशीच चावी देतो, मी राखीपौर्णिमेला गेले होते तेव्हा बघितलं, अगदी बाबांसारखं थांबतो चावी जड झाली की. ते त्याच्याच हातात बरोबर आहे. मला बाबांचं घड्याळ नकोय, मला माझं घड्याळ हवंय.

@हिशेबनीस, साडेतेरा लाखाचा आकडा मी पण काढला होता, खरा आहे. पण मला एक सांगा, मी तेवढ्याच पैशांचा दागिना घेतला असता तर हा हिशोब कुणी मांडला असता का? दागिना घेताना घडणावळ जाते, तो लॉकरमध्ये पडून राहतो, लॉकरचं भाडं जातं, आणि आपल्याकडे कोणती बाई स्वतःहून दागिना मोडायला जाते? खूपच वाईट दिवस आले तरच. तरी ते शहाणपण आणि घड्याळ ही उधळपट्टी. मी वाद घालत नाहीये, सोन्याला परत विकायची किंमत आहे हे मान्यच आहे, पण आईला मी काय सांगू याचं उत्तर शोधतेय.

@कुरणातली शाळा, तुमचा मुद्दा सगळ्यात जास्त लागला. त्याचा विचार करते.

पश्चिमवारा

दुबईहून लिहितोय. एक गोष्ट पक्की डोक्यातून काढून टाका, की हे घड्याळ पुढे महाग होईल. मला कुणीतरी हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं.

लॉकडाऊनच्या काळात काही ठराविक स्टीलच्या मॉडेल्सच्या किमती वेड्यासारख्या चढल्या, शोरूममध्ये मिळायची नाहीत आणि बाहेर छापील किमतीच्या दुप्पट-तिप्पट. मी २०२२ च्या फेब्रुवारीत एका डीलरकडून वापरलेलं घेतलं, छापील किमतीच्या बरंच वर, गुंतवणूक म्हणून. नेमका तोच काळ किमती शिखरावर असायचा होता. त्यानंतर उतरायला लागल्या त्या उतरतच गेल्या, दीड वर्षाने मला मुलाच्या ॲडमिशनसाठी पैसे लागले तेव्हा विकलं, तिसरा हिस्सा गेला. सगळ्यात वाईट म्हणजे ते घड्याळ मी कधी घातलंच नाही, प्लॅस्टिकची फिल्म पण काढली नव्हती, किंमत कमी होईल म्हणून. दीड वर्ष कपाटात.

बातम्यांत वाचतो ना आपण, २०१७ मध्ये पॉल न्यूमनचं स्वतःचं रोलेक्स डेटोना पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं, २०१९ मध्ये पाटेक फिलिपचं एक घड्याळ चॅरिटीच्या लिलावात ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकना गेलं. पहिलं एका मोठ्या नटाच्या मनगटावरचं होतं आणि दुसरं एकुलतं एक बनवलेलं. आपण काउंटरवरून जे घेतो त्याचा या आकड्यांशी काही संबंध नाही. घालायचं असेल तर घ्या, ठेवायचं असेल तर घेऊ नका.

भिंग

हा धागा दोन दिवस वाचतोय, आज बसून लिहितो, लांब होईल.

माझे वडील साताऱ्यात घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एका वाड्याच्या जिन्याखालची जागा, एक टेबल, काचेची पेटी, वर साठचा बल्ब. शाळा सुटली की मी तिथेच. वडील उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे, बोलायचं नाही, शिंकायचं तर बाहेर जाऊन शिंकायचं, कारण स्क्रू केवढा तर तांदळाच्या कणीच्या पण चौथा हिस्सा, खाली पडला तर आम्ही दोघं जमिनीवर ओल्या फडक्याने टिपत फिरायचो.

रानजाई ताई, तुम्ही विचारलंत कशाचे पैसे देतेय. वडिलांनी मला जसं दाखवलं तसं सांगतो. चावी दिली की डबीतली स्प्रिंग आवळते. ती सुटायला बघते. तिला एकदम सुटू दिलं तर काटे भर्रकन फिरून खेळ संपेल, म्हणून तिच्यापुढे चाकांची रांग आणि शेवटी एक अडवणारा असतो, छोटा घोडा म्हणा, तो चाकाचा एक दात सोडतो, पुढचा अडवतो. टिकटिक म्हणजे तोच आवाज. आणि तो घोडा कधी हलायचा हे बॅलन्स व्हील ठरवतं, केसासारख्या बारीक स्प्रिंगवर डावी-उजवीकडे झुलणारं चाक. तुमच्या बाबांच्या जनतामध्ये ते तासाला १८,००० ठोके द्यायचं, सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार. आत्ताची बरीच स्विस ऑटोमॅटिक २८,८०० ची असतात, म्हणजे दिवसाला ६ लाख ९१ हजार दोनशे. तबकडीवर १७ ज्वेल्स लिहिलेलं असतं ती कारखान्यात बनवलेली माणकं असतात, जिथे चाकांची टोकं फिरतात तिथे बसवतात, झिजू नयेत म्हणून.

दिवसाचे सेकंद ८६,४००. स्विस क्रोनोमीटरचं, म्हणजे अचूक चालतं याचं, प्रमाणपत्र मिळायला मशीन सरासरी दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसावं लागतं. आता विचार करा, लोखंडाची स्प्रिंग, पितळी चाकं, थेंबभर तेल, उन्हात जाणार, थंडीत जाणार, हात वर होणार खाली होणार, आणि तरी ८६,४०० मध्ये चूक पाच-सहाची. मी रोज कॉम्प्युटरवर काम करतो पण मला अजून याचंच नवल वाटतं.

आता दोन हजाराचं घड्याळ बरोबर का चालतं. त्यात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, सेलवर तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. मनगटावरचं पहिलं असं घड्याळ सिकोने २५ डिसेंबर १९६९ ला टोकियोत विकायला काढलं, ॲस्ट्रॉन नाव, किंमत साडेचार लाख येन, तेव्हा एका छोट्या मोटारीएवढी. म्हणजे बघा, अचूक वेळ हीच त्या वेळी सगळ्यात महाग गोष्ट होती. पंधरा-वीस वर्षांत ती फूटपाथवर आली. स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या धंद्यात १९७० च्या सुमाराला नव्वद हजाराच्या आसपास माणसं होती, ऐंशीच्या दशकात ती तीस-पस्तीस हजारांवर आली.

आमच्याकडे ती लाट थोडी उशिरा आली पण आली. टाटांचं टायटन १९८४ ला सुरू झालं, सगळा भर क्वार्ट्झवर, दिसायला देखणी, शोरूम चकाचक. एचएमटीने क्वार्ट्झ केलं होतं पण जीव चावीच्या घड्याळातच राहिला, शेवटी जानेवारी २०१६ मध्ये सरकारने घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. वडिलांनी त्यांची शेवटची दहा वर्षं नुसते सेल आणि पट्टे बदलले. अख्खं घड्याळ खोलून, पेट्रोलमध्ये धुवून, तेल देऊन परत उभं करणारा माणूस, आणि लोक म्हणायचे, सेल टाका, किती झाले? ते कधी काही बोलले नाहीत. पण एचएमटीचं एखादं जनता किंवा पायलट दुरुस्तीला आलं की त्या दिवशी दुकान उशिरा बंद व्हायचं.

तर तुम्ही वेळेचे पैसे देत नाही आहात, वेळ फुकट झालीय. तुम्ही पैसे देताय ते कुणीतरी हाताने जुळवलेल्या, परत खोलता येणाऱ्या यंत्राचे. स्वस्त क्वार्ट्झ बिघडलं की मशीन काढून नवीन टाकतात, दुरुस्त कुणी करत नाही. चांगलं यांत्रिक घड्याळ पन्नास वर्षांनी पण उघडून नीट करता येतं. मला विचाराल तर हे पैसे देण्यासारखं आहे.

पण एक अट. घ्यायच्या आधी ते पुढे नीट कोण करणार हे विचारा. बऱ्याच मोठ्या कंपन्या सुटे भाग बाहेरच्या कारागिराला देत नाहीत, मग त्यांच्याच सेंटरला, त्यांच्याच दराने. त्यातल्या त्यात सगळीकडे वापरलं जाणारं मशीन असेल तर गावातला जाणकार पण करू शकतो. काउंटरवर हा प्रश्न विचारा, मशीन कुठलं, कंपनीचं स्वतःचं की बाहेरचं, सर्व्हिसिंग कुठे होतं, किती दिवस लागतात. नीट उत्तर आलं नाही तर उठा.

मोगरा

भिंग, डोळ्यात पाणी आलं. काकांना नमस्कार सांगा.

भिंग

२०११ मध्ये गेले. पण तुमचा नमस्कार पोचला.

उत्तरवाट

भिंग यांच्या प्रतिसादावर काही लिहावं असं नाही, पण मी सहा वर्षं बिएलमध्ये राहतोय, स्वित्झर्लंडमधलं घड्याळांचंच गाव, तर इकडचं थोडं.

इथून जवळच ला शो-द-फाँ म्हणून गाव आहे. १७९४ मध्ये आगीत बरंचसं जळालं, मग नव्याने बांधलं ते घड्याळवाल्यांसाठी बांधलं, सरळ समांतर रस्ते, लांबलचक घरं आणि खिडक्यांच्या रांगा, कारण कामाला दिवसाचा उजेड लागतो. २००९ पासून जागतिक वारसा आहे. डिसेंबरात तिथे कमरेएवढा बर्फ असतो. पूर्वी या डोंगरातले शेतकरी हिवाळ्यात शेत बंद म्हणून घरात खिडकीशी बसून घड्याळाचे भाग करायचे, एका घरात चाकं, दुसऱ्या घरात काटे. मी ते ऐकलं तेव्हा मला आमच्या इचलकरंजीकडचे घराघरातले माग आठवले.

हे सांगितल्यावर दुसरी बाजू पण सांगायला पाहिजे. तबकडीवर स्विस मेड लिहायला २०१७ पासून नियम असा आहे की उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झाला पाहिजे. म्हणजे ४० टक्क्यांपर्यंत बाहेरून येऊ शकतं. आणि तुमच्या साडेतीन लाखात कारागिराच्या हाताचे किती आणि जाहिरातीतल्या नट-खेळाडूंचे किती, हे कुठल्याच पावतीवर लिहिलेलं नसतं. एका मर्यादेनंतर किंमत वाढते तशी कारागिरी वाढत नाही, नाव वाढतं. माझ्या मते तुमच्या बजेटच्या आसपास तरी बरंचसं अजून घड्याळातच जातं. दहा लाखाचं बघत असतात तर नको म्हणालो असतो.

जुनं ते

कुणीतरी सेकंडहँड किंवा जुनं विंटेज घ्या असं सुचवायच्या आधी लिहितो. मी ऑनलाइन फावर-ल्युबा या जुन्या स्विस कंपनीचं एक सी किंग घेतलं होतं, निळीशार तबकडी, चकचकीत, अठरा हजार. आलं तेव्हा भिंगाखाली बघितलं तर अक्षरं जाड, कडेला रंग ओघळलेला, सहाच्या खाली जिथे स्विस मेड असायला पाहिजे तिथे काहीच नाही. तबकडी नव्याने रंगवलेली, काटे दुसऱ्याच घड्याळाचे, मशीन तिसऱ्याचं. विकणाऱ्याने परत घेतलं नाही. परदेशातल्या संग्राहकांत अशा घड्याळांना मुंबई स्पेशल म्हणतात, हे मला नंतर कळलं आणि खरं सांगतो, शरम वाटली. एकेकाळी जिथे फावर-ल्युबा आणि वेस्ट एंडची घड्याळं वर्षानुवर्षं विकली गेली त्या शहराचं नाव कशाला चिकटलं बघा.

नवीन घ्या. बिल, शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड, त्यावरचा नंबर आणि घड्याळावरचा नंबर जुळतोय का ते तिथेच बघा.

हिशेबनीस

रानजाई ताई, तुमच्या दागिन्याच्या प्रश्नावर विचार केला. बरोबर आहे तुमचं. माझ्या बायकोने गेल्या दिवाळीत गोठ घेतले तेव्हा मी वीस वर्षांचं व्याज काढलं नव्हतं. तरी माझं मत बदललेलं नाही, पण माप दोन्हीकडे एकच लावायला पाहिजे हे मान्य.

घेणारच असाल तर एक करा. घ्याल त्या महिन्यापासून ७०० रुपयांची आरडी सुरू करा, पाच वर्षांची. ४२ हजार आणि वर व्याज, सर्व्हिसिंग निघून जाईल. नाहीतर होतं काय की घड्याळ घेतात आणि सर्व्हिसिंगचा आकडा ऐकून ते ड्रॉवरमध्ये जातं. आणि आईला सांगा की दागिना लॉकरमध्ये राहिला असता, हे रोज हातात दिसेल.

कुरणातली शाळा

हिशेबनीस यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. वापरणार असाल तर माझा विरोध नाही. पोळ्या करताना घालणार का, एवढंच स्वतःला विचारा. जे घड्याळ नेहमीच्या कामात काढून ठेवावं लागेल ते तुमचं होणार नाही.

रानजाई

जवळजवळ महिन्याने येतेय. मार्चएंडच्या कामात जीव गेला.

घेतलं. नीट सांगते.

मुंबईला गेलो, मी, नवरा आणि लेक. पहिल्या दुकानात मी विचारतेय आणि तो माणूस उत्तर ह्यांना देतोय. ट्रे ह्यांच्यापुढे ठेवला. मी सांगितलं ऑटोमॅटिक बघायचंय, मला, तर खडे लावलेलं एक आणलं, म्हणे मॅडम यात चावीबिवीची कटकट नाही. मी मशीन कुठलं विचारलं तर आत जाऊन विचारून येतो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला. भिंग, तुमचं वाक्य आठवलं, उठलो.

दुसरीकडे एक पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी आधी माझं मनगट मापलं, सव्वासहा इंच. मी फोटोत जे पसंत केलं होतं ते ३९ चं, हातावर ठेवलं आणि मोगरा म्हणाली तेच, शिंगं दोन्हीकडून बाहेर. त्यांनी काही न बोलता ३६ चं पुढे केलं. फिक्कट चंदेरी तबकडी, आकडे नाहीत, नुसत्या रेघा, पाठीमागे काच. अर्धा तास हातात घालून बसले. खाली रस्त्यावर चक्कर मारून येऊ दिलं असतं तर तेही केलं असतं. मशीन, सर्व्हिसिंग, दिवस, खर्च सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं, मशीन सगळीकडे चालणारं आहे, कंपनीचं खास नाही. नंबर जुळवले. ३ लाख १८ हजार. आरडी परवा सुरू केली.

आईला दाखवलं. तिने चष्मा लावून पाठीमागच्या काचेतून ते झुलणारं चाक बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे रात्री पण असंच चालू असतं का? मी हो म्हटलं. मग दागिन्याचं काही बोलली नाही.

आणि @कुरणातली शाळा, पोळ्या करताना घालते. कणीक मळताना काढते, पोळ्या लाटताना घालते. पाण्याला चालेल म्हणाल्या त्या, फक्त चावी नीट आत दाबून पिळलेली पाहिजे आणि आंघोळीच्या गरम वाफेत नको.

आता प्रश्न. मी रोज सकाळी फोनवरची वेळ लावून वहीत फरक लिहिते. पहिल्या दिवशी ४ सेकंद पुढे, मग ३, मग ५, रविवारी एकदम ११. मग परत ४. रविवारी असं काय झालं? आणि रात्री ठेवताना कसं ठेवू, काच वर की चावी वर?

भिंग

अभिनंदन!! पाठीमागची काच वाचून फार बरं वाटलं.

रविवारी पर्सजवळ किंवा टॅबलेटच्या कव्हरवर ठेवलं होतं का? पर्सच्या झाकणाला चुंबकाचं बटण असतं, त्याने ती बारीक स्प्रिंग चुंबकाळते, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पळायला लागतं. पण तसं असतं तर सोमवारी पण पळालं असतं, परत ४ वर आलं नसतं. तेव्हा बहुतेक तुम्ही दिवसभर घरी बसून होतात, हात कमी हलला, स्प्रिंग अर्धी सुटली, आणि ते एकाच बाजूवर जास्त वेळ पडून राहिलं. घाबरू नका.

ठेवायचं असं. या आठवड्यात रोज रात्री काच वर ठेवा आणि सकाळी फरक लिहा. पुढच्या आठवड्यात चावी वर करून, म्हणजे उभं, दोन उशांच्या मध्ये किंवा पट्ट्यावर टेकवून. मग चावी खाली. प्रत्येक स्थितीत फरक वेगळा येईल. ज्या स्थितीत ते मागे पडतं तसं रात्री ठेवलंत की दिवसाचे ४ सेकंद रात्री फिटतात. तीन आठवड्यांची वही इथे टाका, आपण मिळून बघू.

रानजाई

पर्स नाही, रविवारी खरंच दिवसभर घरीच होते, लोणच्याच्या कैऱ्या चिरत, आणि घड्याळ काढून खिडकीत उभं ठेवलं होतं. आजपासून काच वर. वही टाकते.